श्रद्धांजलीची दोन मिनिटं आणि पासबुकातले 330 रुपये

दिवाळी झाली की आपल्या भागात दोन हंगाम सुरू होतात. एक ऊसतोडीचा, दुसरा गेट-टुगेदरचा. टोळ्या कारखान्यांकडे निघून जातात आणि मागे राहिलेले आपण जुन्या वर्गांचे व्हॉट्सअॅप ग्रुप जागे करतो. यंदा 2000 साली पदवी घेतलेल्यांचा नंबर आहे. पंचवीस वर्षं, म्हणजे रौप्यमहोत्सव. चौकातले फ्लेक्स बघा. एका फ्लेक्सवर साठ-सत्तर चेहरे, सगळे फेटे बांधलेले, अर्ध्यांनी गॉगल घातलेले.

माझा याला विरोध नाही बरं का. आमच्या बी.ए.च्या वर्गाचा मेळावाही याच महिन्यात झाला. मी फेटा बांधला, जिलेबी खाल्ली, लेझीमही खेळलो (दुसऱ्या दिवशी गुडघ्याने हिशेब मागितला, ते वेगळं). आता शरीरं थकलेल्या आमच्या सरांना स्टेजवर बसवून त्यांचे पाय धरावेत, यात वावगं काहीच नाही. माझं म्हणणं फक्त कार्यक्रमपत्रिकेतल्या एका ओळीबद्दल आहे. दीपप्रज्वलनानंतर आणि सत्काराच्या आधी ती ओळ असते : ‘दिवंगत वर्गमित्रांना श्रद्धांजली, 2 मिनिटे’.

प्रत्यक्षात तीसुद्धा दोन मिनिटं नसतात. पन्नास सेकंदांत कुणाचा तरी मोबाइल वाजतो, सूत्रसंचालक ‘ॐ शांती’ म्हणतो आणि लगेच ‘चला, आता वातावरण जरा हलकं करूया’ म्हणत पुढच्या निवेदनाला लागतो. इतक्या मेळाव्यांच्या बातम्या केल्यात की हे वाक्य कधी येणार ते मला आधीच कळतं.

आमच्या यादीत 11 नावं होती. पंचेचाळीस-सेहेचाळीस वयाच्या वर्गातली. म्हातारपणाने गेलेला त्यात अर्थातच एकही नाही. चार जण रस्त्यावर गेले. त्यातले दोघं सोलापूर-धुळे महामार्गावर, तो चौपदरी झाल्यानंतर. तिघांना 2021 च्या दुसऱ्या लाटेने नेलं. दोघं शेतकरी होते, त्यांनी स्वतःला संपवलं. एकाला हार्ट अटॅक आला, एकाला दारूने नेलं. वीस वर्षं मी जिल्ह्याच्या बातम्या लिहितोय. ही यादी वाचताना वर्गमित्र आठवत होतेच, पण त्याच वेळी या वीस वर्षांचं पहिलं पानही डोळ्यांपुढे येत होतं. 2022 या एका वर्षात महाराष्ट्रात रस्ते अपघातांत 15,224 माणसं मेली. त्याच वर्षी राज्यात शेती करणाऱ्या 4,248 लोकांच्या आत्महत्यांची नोंद झाली, देशात सर्वांत जास्त. बातमीत हे आकडे असतात. वर्गाच्या यादीत त्यांना रोल नंबर असतो.

आणि फ्लेक्सवर सगळ्यांच्या नावाखाली काय छापलं होतं? ‘आकस्मिक निधन’. अकराही जणांचं आकस्मिक. दुष्काळ, हातउसनं, पीक कर्जाचं नवं-जुनं हे सगळं ज्याच्या घरात चार वर्षं चाललं होतं, त्याच्या मरणात आकस्मिक काय होतं? घरच्यांची इच्छा नसेल तर कारण फ्लेक्सवर टाकू नका, मान्य. पण निदान आपापसात तरी बोला. कारण त्या शब्दाआड गोष्ट झाकली गेली की तिच्यामागे राहिलेली कामंही झाकली जातात.

कामं म्हणजे कागद. हाच माझा मुख्य मुद्दा आहे.

दुसऱ्या लाटेत गेलेला आमचा एक मित्र विनाअनुदानित शाळेवर शिक्षक होता. ‘उद्या अनुदान येईल’ या आशेवर त्याने वर्षानुवर्षं काढली. एप्रिल 2021 मध्ये तो गेला त्या दिवशी ग्रुपवर साठेक ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ पडल्या. हात जोडलेल्या इमोजी वेगळ्या. त्यातली एकही त्याच्या बायकोपर्यंत पोचली नाही, कारण ती त्या ग्रुपवर नव्हतीच. मृत्यूच्या कागदावर दवाखान्याने ‘न्यूमोनिया’ लिहिलं होतं. त्यामुळे कोरोनाची 50,000 रुपयांची मदत आपल्याला मिळणार नाही, असं तिने गृहीत धरलं. खरं तर कागदावर कोरोना शब्द नाही एवढ्यावरून मदत नाकारता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2021 मध्येच सांगितलं होतं आणि त्यासाठी जिल्ह्याला तक्रार निवारण समितीही होती. पुढे कोर्टाने अर्जांना मुदत घातली, तीही केव्हाच संपली. आमच्याच वर्गात वकील तीन आहेत, तहसीलमध्ये एक आहे, बँकेत चार. पण तिला हे सांगायला त्या मुदतीत कुणी गेलं नाही.

या वेळी ती मेळाव्याला आली. ‘वहिनी, या’ म्हणून दोघांनी घरी जाऊन आग्रह केला म्हणून आली. जेवण झाल्यावर बँकेतल्या आमच्या एका मैत्रिणीने तिला सहज विचारलं, ‘त्यांचं पासबुक आहे का घरी?’ मुलाने घरून फोटो पाठवले. मोबाइलवर ते पासबुक मोठं करून बघताना 2020 च्या नोंदींत एक ओळ सापडली, 330 रुपये वजा. म्हणजे प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा हप्ता. या विम्याचं वर्ष 1 जून ते 31 मे असं असतं, म्हणजे एप्रिल 2021 मध्ये विमा चालू होता. रक्कम दोन लाख. मृत्यू कशाने झाला ते यात आडवं येत नाही.

चार वर्षं उशीर झालाय. पैसे मिळतील की नाही हे आज कुणी सांगू शकत नाही. अर्ज गेलाय, एवढंच. पण त्या हॉलमध्ये साउंड सिस्टीम ठणाणत असताना दोन बायका एका खुर्चीवर डोकी जोडून पासबुक वाचत होत्या. माझ्या दृष्टीने त्या दिवसाची श्रद्धांजली तीच.

आता जरा कडू बोलतो. त्या वहिनी आल्या तेव्हा दारात स्वागताला हळदी-कुंकवाचं ताट होतं. येणाऱ्या प्रत्येक बाईला कुंकू आणि गजरा. यांच्यापाशी ताट थांबलं. ताट धरणारी काही वाईट बाई नव्हे, गोंधळली बिचारी. हात अर्धा उचलला, मग गुलाबपाणी शिंपडून ‘बसा ना’ म्हणाली. वहिनींनीही सवयीने मान खाली घातली. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. आमच्या वर्गातल्या दोघा ग्रामसेवकांनी आपापल्या गावात तो ठराव वाचलाही असेल. ठराव वाचणं वेगळं आणि ताट पुढे करणं वेगळं. शेवटी झेडपी शाळेवर मुख्याध्यापिका असलेली आमची एक मैत्रीण उठली, तिने ताट घेतलं, वहिनींना विचारलं, ‘लावू का?’ आणि त्या ‘हो’ म्हणाल्यावर लावलं. विचारलं हे महत्त्वाचं. जबरदस्तीची पुरोगामीगिरी नको, पण आपण आपल्या हाताने कुणाला वगळूही नये.

यादी 11 नावांची होती असं वर म्हटलं. मेळावा संपला तेव्हा ती 12 ची झाली होती.

झालं असं की सरांना जुनं कॅटलॉग दिलं होतं, हजेरी घ्यायला. हल्ली सगळेच मेळावे हे करतात. संयोजकांनी गेलेल्यांच्या नावांपुढे पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती, वगळण्यासाठी. सरांनी वगळलं नाही. सगळी नावं त्याच जुन्या आवाजात वाचली आणि फुलीच्या नावापाशी क्षणभर थांबून पुढे गेले. एका मुलीच्या नावापाशीही असंच कुणी ‘येस सर’ म्हणालं नाही. तिच्या नावापुढे मात्र फुली नव्हती. सरांनी पुन्हा वाचलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणाला काहीच माहीत नव्हतं. ती कुठे दिली, आडनाव काय झालं, मुलंबाळं किती, काही नाही. कुणीतरी तिच्या भावाचा नंबर शोधला, तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, ती 2006 लाच गेली. स्टोव्हचा भडका उडाला. एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

‘स्टोव्हचा भडका’ हे शब्द आम्हा पत्रकारांना चांगले ओळखीचे आहेत. त्या काळी ‘विवाहितेचा मृत्यू’ म्हणून सिंगल कॉलम लागायचा, पाच-सहा ओळी, आतल्या पानावर. तिचीही बातमी कुठल्या तरी पेपरात लागली असेल. पण ती कळणार कशी? बातमीत नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव, सासरचं गाव. आपल्याकडे लग्नात पहिलं नावही बदलतात, तेही बदललं असेल तर संपलंच. आमच्यासोबत तीन वर्षं बाकावर बसलेली मुलगी पेपरात दुसऱ्याच नावाने मरते आणि तिच्या वर्गाला ते एकोणीस वर्षं कळत नाही. भडका खरंच स्टोव्हचा होता का, हे मी इथे लिहिणार नाही, मला ते माहीत नाही. पण हे विचारणारं बाहेरचं कुणीही तेव्हा तिच्या बाजूला नव्हतं, हे नक्की.

सगळ्याच बॅचेसना विचारतो. तुमच्या ग्रुपवर वर्गातल्या किती मुली आहेत? ज्या आहेत त्या बहुतेक नोकरीवाल्या किंवा गावातच दिलेल्या. बाकीच्यांचं काय? आमच्या यादीत 11 पैकी 11 पुरुष होते, तेव्हाच आम्हाला शंका यायला हवी होती. मुली काय अमर असतात? त्या यादीतच नसतात.

आता मे महिन्यात पुढचे मेळावे लागतील. संयोजक मंडळींना माझं सांगणं एवढंच की तारीख ठरवायच्या आधी महिनाभर दोन-तीन जणांना फक्त या कामाला लावा. कॅटलॉग घेऊन बसा, मुलींचा शोध माहेरच्या पत्त्यावरून घ्या. गेलेल्यांच्या घरी जा, पण रिकाम्या हाताने जाऊ नका, म्हणजे माहिती घेऊन जा. पासबुकात 330 किंवा 436 ची नोंद आहे का बघा (2022 पासून हप्ता 436 झाला). 12 किंवा 20 रुपये वजा दिसले तर तो अपघात विमा, त्याचेही दोन लाख. कंपनीत होता, कंत्राटी का असेना, पण पीएफ कापला जात होता, तर बायकोला आणि 25 वर्षांखालच्या मुलांना पेन्शन बसते का ते विचारा. उडवून गेलेली गाडी सापडलीच नाही म्हणून कपाळाला हात लावून बसलेली घरं आहेत. आमच्याच एका मित्राचं होतं. तो 2023 ला गेला. ‘गाडीच नाही तर पैसे देणार कोण?’ असं त्याचा भाऊ म्हणत होता. एप्रिल 2022 नंतरच्या अशा मृत्यूला दोन लाखांची योजना आहे आणि अर्ज महसूल खात्याकडेच जातो. आणि जमीन. वारसाची नोंद तीन महिन्यांत कळवायची असते. आपल्याकडे ती दीर बघून घेतो आणि बाईचं नाव सातबाऱ्यावर यायचं राहून जातं. वर्गात तलाठी असतोच एखादा. त्याला फेटा बांधा, पण आधी हा फेरफार बघायला लावा.

आत्महत्येच्या दोन घरांबद्दल वेगळं लिहीन कधीतरी. एक लाखाच्या मदतीला एक घर पात्र ठरलं, दुसरं नाही. दुसऱ्याचं कर्ज बँकेचं नव्हतं, सोयऱ्यांकडून आणि बिगर परवान्याच्या सावकाराकडून घेतलेलं होतं. त्याला कागद नाही, म्हणून ते कर्ज नाही. त्या घरातली मुलगी यंदा बारावीला आहे. तिच्या फीचं आमच्या बॅचने बघायचं ठरवलंय. आमच्या फ्लेक्सला किती खर्च आला ते मला माहीत आहे, त्यात तिचं एक वर्ष सहज निघालं असतं. असो.

आणि जाता जाता स्वतःचंही बघा. जीवनज्योती विमा वयाची 50 पूर्ण होईपर्यंतच काढता येतो. आपल्याकडे चार-पाच वर्षं उरलीत. काढला असेल तर घरात सांगून ठेवा. सांगितलंच नाही तर हप्ते भरून उपयोग काय?

शेवटी एक विनंती. बाराव्या नावाचा, आमच्या त्या मैत्रिणीचा, फोटो कुणाकडेच नाही. भावाने पुन्हा फोन उचललेला नाही. नाव इथे लिहीत नाही, वर्गातल्यांना कळलं आहे. 1998 ते 2000 मधल्या गॅदरिंगचे, सहलीचे किंवा एनएसएस कॅम्पचे जुने फोटो ज्यांच्या घरी असतील त्यांनी कपाट उघडून बघावं. मुलींच्या घोळक्यात ती बहुधा कडेला उभी असेल. सापडली तर मला इनबॉक्समध्ये पाठवा, इथे टाकू नका.