चित्राखालची ओळ

फोटो खोटे बोलत नाही, असे म्हणणाऱ्याला मी एकच विचारतो: तो काढणारा कोणाच्या बाजूला उभा होता?

१९१७ सालचे एक छायाचित्र पाहा. अमेरिकेत, टेक्सासमधल्या एका लष्करी छावणीच्या प्रार्थनामंदिरात, २४ व्या पायदळ पलटणीचे कृष्णवर्णीय शिपाई रांगांनी बसले आहेत. खाली छापले आहे की, हा अमेरिकेच्या इतिहासातला सर्वांत मोठा खुनाचा खटला. झाले! वाचणाऱ्याने मान डोलवावी आणि पान उलटावे. पण त्या ६३ आरोपींच्या बचावाला एकच अधिकारी होता आणि तोही वकील नव्हता, हे त्या ओळीत नाही. ११ डिसेंबरच्या पहाटे १३ जणांना फाशी दिले, दाद मागायला सवडच ठेवली नाही, हेही नाही. ह्यूस्टनच्या पोलिसांनी आधी त्यांच्या सोबत्यांना मारहाण केली होती, हे तर नाहीच नाही. या प्रकरणात ११० जणांना दोषी ठरविणारे निकाल अमेरिकन लष्कराने रद्द केले, ते २०२३ साली. त्यांतले १९ जण फासावर जाऊन तोवर शतक उलटले होते!

“दिवाळीच्या फराळाबरोबर ही परक्यांची फाशी कशाला?” असे कोणी म्हणेल. परक्यांची? आमच्या कुरुंदवाडहून कोल्हापूर ते किती लांब! तिथे ३१ जुलै १८५७ रोजी मुंबई फौजेची २७ वी देशी पलटण उठली. ऑगस्टात लष्करी न्याय झटपट उरकला: कोणाला फास, कोणाला गोळी, कोणाला तोफेचे तोंड. आणि आमच्या गावातल्या एका प्रदर्शनात, फेलिचे बेआटोने १८५८ साली लखनौला टिपलेल्या, फासावर लटकणाऱ्या शिपायांच्या चित्राखाली मी काय वाचले? ‘बंडखोर’. बस्स! साहेबाने ठेवलेले नाव आपण आपल्याच हाताने, सुवाच्य अक्षरांत लिहून मोकळे!

शिपायांच्या हातूनही माणसे मेली, कोल्हापुरात आणि ह्यूस्टनमध्येही. ते मी लपवीत नाही. पण गुन्हा घडला म्हणजे न्यायही झाला, असे कोणी सांगितले? उलट, आरोप जितका भयंकर तितकी चौकशी शांतपणे व्हायला हवी. लढाई चालू होती, ही काही जीव घेण्याची सनद नव्हे.

म्हणून अशी चित्रे लावणाऱ्यांनी खाली चार गोष्टी लिहाव्यात: आरोप काय, खटला किती दिवस चालला, बचाव कोणी केला, अपील करू दिले का? जागा पुरत नसेल, तर चित्र लहान करा. ओळ मोठी करा.