जलशाची लेखणी तरुणांच्या हाती द्या



१४ एप्रिल जवळ आला म्हणजे आपल्या वस्त्यावस्त्यांतून ध्वनिवर्धक लागतात आणि तरुण मंडळी त्यांपुढे नाचू लागतात. त्यांच्या उत्साहास बोल लावण्याचे कारण नाही. परंतु वाजणाऱ्या गाण्यांपैकी किती गाणी याच वस्तीतील मुलामुलींनी रचलेली असतात, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःस विचारला पाहिजे. आपला तरुण आज श्रोता झाला आहे. तो कर्ता झाला पाहिजे. त्याचे साधन आपल्याच घरात आहे. ते म्हणजे जलसा.

येथे काही वडीलधारी मंडळी हरकत घेतील. ढोलकी-तुणतुणे आपण सोडले ते कशासाठी, असे ते विचारतील. ही हरकत पोकळ नाही. गावगाड्यात आपल्या माणसांना हुकूम होताच वाजवावे आणि नाचावे लागे. ते १९५६ च्या धर्मांतराबरोबर झुगारले गेले, हे योग्यच झाले. परंतु अपमान वाद्यात नव्हता, तो हुकमात होता. जो स्वतः रचतो, स्वेच्छेने गातो आणि आपलाच प्रश्न मांडतो, तो कोणाचा ताबेदार?

जलशाने हेच सिद्ध केले. सत्यशोधकांनी तमाशाचा घाट उचलून त्यात विचार भरला. आंबेडकरी जलसाकारांनी गणपतीचे नमन व गौळण बाजूस सारून शिक्षण, सत्याग्रह आणि स्वाभिमान हे विषय वगात आणले. या जलशांची हकीकत नाशिकचे भीमराव कर्डक यांनी १९७८ साली ग्रंथरूपाने नोंदवून ठेवली, म्हणून ती आज आपणांस कळते.

हे काम वयस्कांनीच करावे, असाही नियम नाही. ‘तृतीय रत्न’ हे नाटक १८५५ मध्ये लिहिले, तेव्हा जोतीराव फुले तिशीच्या आत होते. ज्यांना अक्षरओळखही मोठेपणी झाली त्या वामनदादा कर्डकांनी १९४३ च्या सुमारास गीतरचनेस आरंभ केला, तेव्हा ते विशीच्या उंबरठ्यावर होते. १९५५ मध्ये औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक बाबासाहेबांसमक्ष झाले, त्यात रंगमंचावर विद्यार्थी होते.

म्हणून माझी विनंती अशी की, विहारात मुलांना जमवून जुनी संहिता पाठ करवून घेऊ नका. त्यांना विषय निवडू द्या. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या, म्हणजे धर्मांतरानंतर ३४ वर्षांनी. जातीच्या दाखल्यासाठी कचेरीत हेलपाटे घालणारा बाप, वसतिगृहात आडनाव विचारले जाणारी मुलगी, नव्या विधीने लग्न लावताना रुसणारे नातलग, यांतील प्रत्येकात एक बतावणी दडलेली आहे. मुलांनी घरातल्या आजीला विचारावे, ऐकलेले लिहावे, चाल बांधावी, तालीम करावी. मुलींना केवळ गाण्यापुरते उभे करू नका. पूर्वी स्त्रीपात्रेही बहुधा पुरुषच करीत, आता मुलींनी लिहावे आणि सूत्रधारही व्हावे. वडीलधाऱ्यांनी तालमीची जागा, दिवाबत्ती आणि चहा पाहावा. विचारल्यास सल्ला द्यावा.

वकील या नात्याने आणखी एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. आपल्या कित्येक शाहिरांची गाणी लोकांच्या ओठी राहिली, पण त्यांचे नाव गेले आणि मोबदलाही गेला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने रचनाकाराला हक्क दिला आहे. तो नोंदणीवाचूनही प्राप्त होतो आणि रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. परंतु नाट्यकृती लिहून अथवा अन्य प्रकारे नोंदवून ठेवलेली असावी लागते. म्हणून वही ठेवा. त्यात गीत कोणाचे, चाल कोणाची, संवाद कोणाचे, हे तारखेसह लिहा. गाणाऱ्या व अभिनय करणाऱ्यासही आपल्या प्रयोगावर ५० वर्षांचा स्वतंत्र हक्क आहे. ध्वनिमुद्रण करणारा कोणी कागद पुढे करील, तर सही करण्यापूर्वी वाचा. हक्क लेखी कराराखेरीज दुसऱ्याकडे जात नाही, आणि त्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. अठरा वर्षांखालील मुलाची सही त्यास बांधत नाही. तेव्हा आईबापांनी स्वतः लक्ष घालावे.

ज्याच्या नावावर जमीन नव्हती, त्याच्या नातवाच्या नावावर निदान एक गीत असावे. येत्या वर्षावासाचे तीन महिने हाती आहेत. आठवड्यातून एक सायंकाळ विहार मुलांच्या हवाली करा. पहिला जलसा कच्चा होईल. तो होऊ द्या, आणि पहिल्या रांगेत बसून ऐका.

जयभीम.