बैल मरत नाही, पेरणी मरते

लाळ्या-खुरकूताने मोठा बैल सहसा मरत नाही, म्हणून त्याचा पंचनामाही होत नाही. पण मृगाच्या वाफशाला ज्याचा बैल तोंडात फोड आणि खुरांत जखमा घेऊन दावणीला बसला, त्याला विचारा. उसनी जोडी मिळेपर्यंत ओल जाते, कपाशीचा हंगाम हुकतो. हा तोटा कोणाच्या खात्यात मांडायचा?

रोग विषाणूचा, कोणत्याही इंजेक्शनाने तो मरत नाही. तुरटीच्या पाण्याने तोंड-खुर धुणे, मऊ चारा देणे, आजारी जनावर बाजारापासून आणि गावच्या हौदापासून दूर ठेवणे, एवढेच हाती उरते. खरा उपाय लस. केंद्राच्या खर्चाने दर सहा महिन्यांनी ती फुकट टोचण्याचा कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला. तेव्हा आम्ही भीक मागत नाही, कबूल केलेले मागतो.

लस २ ते ८ अंशांतच राहावी, तापू नये, गोठूही नये. आणि पेरणीच्या महिनाभर आधी टोचली जावी. नाहीतर ती नुसती नोंदवहीची भरती. तारीख आधी दवंडी देऊन कळवा, असा ठराव प्रत्येक ग्रामसभेने करावा. त्या दिवशी एकही जनावर रानात जाऊ न देणे, हे मात्र आपले काम.