टिटवीच्या अंड्यांची राखण

२ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन. आपल्याच निफाड तालुक्यात, गोदावरी-कादवेच्या संगमावर, नांदूर मधमेश्वर आहे; महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. हिवाळाभर तिथे दुर्बिणी घेऊन गर्दी होते. पाहुणे पक्षी उत्तरेला निघून गेले की काठ ओस पडतो. घरच्या पक्ष्यांना माणसाची गरज लागते ती नेमकी त्यानंतर.

पाणी ओसरून उघड्या पडलेल्या वाळूत नदी सुरय अंडी घालते, गोट्या-खड्यांत टिटवी. घरटे म्हणजे नुसता खळगा, अंडी खड्यांच्याच रंगाची. त्या रंगाने ती घारी-कावळ्यांपासून वाचतात आणि त्याच रंगामुळे ट्रॅक्टरखाली चिरडतात. भटकी कुत्री आहेतच. नदी सुरय आज जगातल्या धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या यादीत आहे.

‘टिटवी देखील समुद्र आटविते’ ही म्हण आपण जिद्दीसाठी वापरतो. पण त्या म्हणीमागच्या गोष्टीत मुळात काठावरची अंडी पाण्याने नेलेली असतात, हे विसरतो. आपल्याकडे समुद्र नाही, आवर्तन आहे. वरच्या धरणांतून पाणी सुटले की नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्याची पातळी चढते आणि काठावरची अंडी बुडू शकतात. त्या पाण्यावर पिके उभी आहेत. ते अडवा, असे आम्ही कधीच म्हणणार नाही. मात्र कोणत्या काठावर किती घरटी आहेत याची नोंदच नसेल, तर पाटबंधारे खात्याशी बोलायचे तरी कशाच्या आधारावर?

ही नोंद लांबूनच व्हायला हवी. माणूस जवळ गेला की पक्षी उठतो आणि एप्रिलच्या उन्हात अंडी उघडी पडतात. टिटवी पोटाची पिसे भिजवून आणते, अंडी गार ठेवते. फोटोसाठी तिला उठवणे हा गुन्हाच मानावा.

कोकणातल्या वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून कासवांची घरटी राखली. चंबळ नदीच्या वाळूत पाणचिरा पक्ष्यांची घरटी काठची माणसेच राखतात. मग गोदाकाठी का नाही? लासलगाव-निफाडच्या कॉलेजांतील मुलामुलींनी वन्यजीव विभागाची परवानगी घेऊन मार्च ते मे दर रविवारची एक सकाळ या नोंदीसाठी द्यावी. आणि शेतकरी बांधवांनो, नांगरताना टिटवी ओरडत अंगावर आली, तर तेवढा तुकडा चार आठवडे सोडा.