जुनी मोटार व तिची निगा

नाशिक जिल्ह्यांतील रावळगांवचा साखर कारखाना उभारणाऱ्या वालचंद हिराचंद यांनींच १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापिली. कुर्ल्यास तिच्या कारखान्यांत प्रथम अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या मोटारी जुळविल्या जात. पुढें तेथेंच इटलीच्या फियाटच्या नमुन्यावर निघालेल्या मोटारीस १९७४ मध्यें ‘पद्मिनी’ हें नांव मिळालें.

१९८० नंतरच्या दशकांतील एखादी पद्मिनी आजहि लखलखीत दिसली, म्हणजे लोक मालकाच्या ऐपतीचें कौतुक करितात. आमच्या मतें तें कौतुक निगेचें व्हावें. तिच्या १०८९ सी. सी. एंजिनाचा कार्बुरेटर वेळोवेळीं साफ करावा लागतो. पत्रा गंजापासून जपावा लागतो. हें काम पैसा एकटा करीत नाहीं. त्यास जाणता कारागीर लागतो.

मुंबईंत वीस वर्षांच्या मुदतीच्या नियमानें पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर बंद झाल्या. भाड्याच्या वाहनांस अशी मुदत असणें योग्यच. परंतु गाड्यांबरोबर ती विद्याहि मोडींत जावी काय? विद्यार्थ्यांनीं सुटींतील चार दिवस अशा कारागिराजवळ बसून त्याचें काम पाहावें. आणि मुलाचे हात तेलानें काळे झाले, तर पालकांनीं त्यांत कमीपणा मानूं नये.