आधी हात थांबवा, मग प्रश्न विचारा

शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर येणारा मेल कधीच चांगला नसतो, हे आयटीत दोन वर्षं काढलेला कुणीही सांगेल. मला असा एक मेल २०१९ मध्ये आला होता. माझी पहिली नोकरी, सिक्युरिटी टीममधला सगळ्यात ज्युनिअर मी, आणि सिनिअर रजेवर. बॅग भरून झालेली, कंपनीची बस साडेसहाची. मेल लीगलकडून, जेमतेम दोन ओळींचा: अमुक माणसाच्या बाबतीत लीगल होल्ड लावा, बाकीचं सोमवारी बोलू.

मी उत्तर टाकलं, 'नोटेड, सोमवारी बघतो.' आणि बस पकडली.

ते 'सोमवारी बघतो' मला आजही टोचतं.

ज्यांचा याच्याशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एखादं प्रकरण कोर्टात जाईल अशी चिन्हं दिसली, की लीगलवाले सांगतात, या माणसाशी किंवा या विषयाशी संबंधित काहीही पुसू नका. मेल, चॅट, लॉग, लॅपटॉप, बॅकअप, जे असेल ते आहे तसं राहू दे. यालाच लीगल होल्ड म्हणायचं. ऐकायला किती सोपं! गंमत अशी की आपली सगळी सिस्टिम पुसण्यासाठीच बांधलेली असते. लॉग ठरावीक दिवसांनी उडतात, सीसीटीव्ही स्वतःवरच पुन्हा रेकॉर्ड करतो, सोडून गेलेल्याचं अकाउंट महिन्याभरात डिलीट होतं. कुणी मुद्दाम काही करावं लागत नाही. नुसतं गप्प बसलं तरी पुरावा जातो.

आमच्याकडे तेच झालं. आमचा एक कलीग राजीनामा देऊन दुसऱ्या कंपनीत गेला होता. जाताना त्याने सोर्स कोड पेन ड्राइव्हवर नेला असा आरोप. त्याचं म्हणणं, मी फक्त घरचे फोटो आणि पगाराचे कागद घेतले. त्याचा लॅपटॉप स्टोअरमध्ये पडून होता. शनिवारी तिथल्या पोराने इमानेइतबारे आपलं काम केलं, म्हणजे सोमवारी रुजू होणाऱ्या नव्या माणसासाठी तो फॉरमॅट केला. कुठल्या फाइल कॉपी झाल्या याची नोंद ठेवणाऱ्या टूलची मुदत होती तीस दिवस, आणि तिसावा दिवस रविवारी भरला. सोमवारी आमच्या हातात उरला एकच अलर्ट: पेन ड्राइव्ह लावला, सुमारे चार जीबी कॉपी झाले.

चार जीबी म्हणजे काय? कोड असू शकतो. लेकीच्या वाढदिवसाचे फोटोही असू शकतात.

प्रकरण कोर्टात गेलंच नाही. दोन्हीकडचे वकील बोलले, काहीतरी मिटलं. पण तोवर कुजबुज नव्या कंपनीपर्यंत पोचली होती आणि त्यांनी त्याला प्रोबेशनमध्येच नारळ दिला. तो खरं बोलत होता की खोटं, हे मला आजही माहीत नाही. शुक्रवारी वीस मिनिटं थांबलो असतो तर माहीत झालं असतं.

म्हणून माझं मत अगदी सरळ आहे. लीगल होल्ड आला की सिक्युरिटी टीमने आधी पुसणं थांबवावं, प्रश्न नंतर विचारावेत. आणि हे कंपनीचा शिपाई म्हणून नाही, तर मुद्देमाल सांभाळणारा माणूस म्हणून करावं. पोलीस स्टेशनात जप्त केलेल्या वस्तूंची नोंद ठेवणारा कारकून असतो ना, तसं. तो चाकू आरोपीला फासावर नेईल की सोडवेल, याच्याशी त्याचा संबंध नसतो. चाकू तोच आहे आणि मधे त्याला कुणी हात लावलेला नाही, एवढं त्याला सांगता आलं पाहिजे.

यावर ऑफिसात हमखास ऐकू येणारं पहिलं उत्तर म्हणजे, 'लीगलवाले धड काही सांगत नाहीत, आम्ही काय थांबवायचं?' तक्रार खरी आहे. पण होल्ड जास्त लावला तर उद्या सैल करता येतो, आणि पुसलं गेलेलं परत येत नाही. आजकालच्या एसएसडीवर तर नाहीच. त्यामुळे त्या माणसाचा मेलबॉक्स, चॅट, लॅपटॉप आणि त्याच्या नावाचे लॉग, एवढ्यांची घड्याळं लगेच थांबवावीत. अकाउंट डिलीट न करता सस्पेंड करावं. लॅपटॉपवर चिठ्ठी लावून तो कपाटात कुलपात टाकावा. नंतर लीगलला लेखी विचारावं: कोण, कधीपासून कधीपर्यंत, कुठल्या सिस्टिम, आणि ही गोष्ट कुणाकुणाला कळलेली चालेल? फोनवर काही ठरलं तर पाच मिनिटांत मेल टाकून पक्कं करावं.

दुसरं उत्तर असतं, 'सगळ्यांना मेल टाकला ना, की काही पुसू नका, झालं!' झालं नाही. अमेरिकेत लॉरा झुबुलेक नावाच्या बाईंनी यूबीएस या बँकेवर भेदभावाचा खटला भरला होता. पुसू नका अशा सूचना गेल्यावरही तिथल्या काही कर्मचाऱ्यांनी मेल उडवले. २००४ मध्ये न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी बजावलं की नुसती सूचना पाठवून जबाबदारी संपत नाही, ती पाळली जाते का हेही बघावं लागतं. गेलेले मेल बँकेच्या विरोधातच होते असं मानायला हरकत नाही, हे ज्यूरीला सांगण्यात आलं. २००५ मध्ये निकाल लागला सुमारे २ कोटी ९० लाख डॉलरचा. बरं, त्यातून सगळे शिकले म्हणावं, तर २०२३ मध्ये एपिक गेम्सच्या खटल्यात गूगललाच न्यायाधीश जेम्स डोनाटो यांनी फटकारलं. चॅट चोवीस तासांत आपोआप उडायचे आणि ते जपायचे की नाही हे ज्याच्या त्याच्यावर सोडलं होतं. ज्याच्यावर प्रकरण शेकू शकतं त्याच्याच हातात डिलीटचं बटण ठेवायचं, याला होल्ड कसं म्हणणार? बटण आपल्याकडे असतं. ते आपणच बंद करायला हवं.

'हे अमेरिकेतलं, आपल्याकडे कुठे असतं एवढं' असं म्हणणाऱ्यांसाठी जालन्याची गोष्ट. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांच्या निवडीला कैलास गोरंट्याल यांनी आव्हान दिलं. वाद होता उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला की नाही याचा. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं, त्याच्या प्रतीही मिळाल्या. मिळत नव्हतं ते त्या रेकॉर्डिंगबद्दलचं प्रमाणपत्र, पुन्हापुन्हा मागूनही. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. जुलै २०२० च्या निकालात कोर्टाने स्पष्ट केलं की मूळ यंत्रच हजर केलं नसेल तर प्रतीसोबत हे प्रमाणपत्र लागतंच, आणि समोरचा देत नसेल तर कोर्टाकडून मागवून घ्यावं. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यूही लिहावी लागते. म्हणजे आपलं रोजचं एसएचए-२५६ थेट कोर्टाच्या कागदावर आलं की! प्रत काढली त्याच दिवशी हॅश काढून, तारीख-वेळ-नाव लिहून ठेवलं तर दोन मिनिटांचं काम. दोन वर्षांनी, तेव्हाचा माणूस नोकरी सोडून गेल्यावर, ते कुणाच्या बापाला जमणार नाही.

आणि एक गोष्ट, जी आम्हा सिक्युरिटीवाल्यांना जड जाते: वाचू नका. आपल्याकडे सगळ्याच्या चाव्या असतात, आणि 'बघू तर खरं काय आहे' ही खाज मोठी वाईट. होल्ड म्हणजे तपास नाही. मूळ लॅपटॉप चालू करून फाइल उघडलीत की तारखा बदलू शकतात, मग समोरचा वकील विचारणारच, आणखी काय काय बदललं? शिवाय त्या मेलबॉक्समध्ये त्याच्या बायकोचे मेडिकल रिपोर्टही असतात. तपास करायचाच असेल तर तो वेगळ्या परवानगीने, प्रतीवर करावा.

याच कारणासाठी 'सगळ्यांचं सगळं कायमचं ठेवा' हेही मला पटत नाही. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचं तत्त्वच हे आहे की काम संपलं की व्यक्तीची माहिती पुसावी, कायद्याने ठेवणं गरजेचं असेल तर गोष्ट वेगळी. होल्ड हा त्यातला अपवाद, पण तो नावानिशी आणि मुदतीचा असावा. प्रकरण संपलं की लीगलकडून 'होल्ड उठवला' असं लेखी घ्यावं आणि थांबवलेली घड्याळं पुन्हा सुरू करावीत. हे कुणीच करत नाही. सहा-सहा वर्षांपूर्वी संपलेल्या प्रकरणांचे मेलबॉक्स मी स्वतः पाहिले आहेत, कुणाला विचारावं तर मागणारा वकीलही सोडून गेलेला.

आता माझ्या टीममध्ये आम्ही एक पानाची यादी ठेवली आहे. कुठली सिस्टिम, किती दिवसांनी पुसते, कुठल्या बटणाने थांबते आणि ते बटण कुणाकडे आहे. शेवटच्या रकान्यात दोन नावं असतात, कारण एक जण रजेवर असतोच :) दर तीन महिन्यांनी खोट्या नावाने होल्ड लावून बघतो. पहिल्या वेळी पाचपैकी दोन बटणं चालली नव्हती. स्टोअरच्या पोराचं नावही आता यादीत आहे. २०१९ मध्ये त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं, त्यामुळे त्याची काहीच चूक नव्हती. सांगायचं काम माझं होतं.

मागच्या महिन्यात पुन्हा एक मेल आला. शुक्रवारच, सव्वासहा. बॅग खाली ठेवली, यादी काढली, अर्ध्या तासात घड्याळं थांबवली आणि लीगलला चार प्रश्न पाठवले. बस अर्थातच गेली. पुढची साडेसातला होती.

त्या जुन्या कलीगला मात्र फोन करायचा धीर अजून झालेला नाही.