रोजचाच खांब, रोजचीच गल्ली

संध्याकाळचे सात वाजले, की शहरातल्या सोसायट्यांच्या फाटकांतून कुत्री बाहेर पडू लागतात. वॉचमनच्या खुर्चीपासून कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापर्यंत आणि खांबापासून परत. मालकाच्या एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात मोबाइल. कुत्रा कुठे थांबून हुंगू लागला, की पट्ट्याला हिसका बसतो, ‘चल रे, पुरे!’ दहा मिनिटांत काम उरकते. ज्या घरांना तेवढीही सवड नाही, त्यांच्याकडे महिन्याच्या बोलीवर एखादा मुलगा येतो आणि चार घरची चार कुत्री एकदम हिंडवून आणतो. याला आपण कुत्र्याला ‘फिरवणे’ म्हणतो. कुत्र्याला विचारले, तर तो याला देहधर्मापलीकडे काही नाव देईल असे वाटत नाही.

कारण त्याचे जग डोळ्यांत नाही, नाकात आहे. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी काही लाख असतात, कुत्र्याच्या नाकात त्या कोट्यवधी. हुंगताना आत गेलेल्या हवेचा एक भाग केवळ वासासाठी राखलेल्या कप्प्यात जातो; उच्छ्वास नाकपुडीच्या कडेच्या फटींतून बाहेर पडतो, म्हणून आत येणाऱ्या नव्या वासाला तो आडवा येत नाही. त्या खांबापाशी कोण येऊन गेले, नर की मादी, केव्हा, हे सारे तो तिथे वाचत असतो. आपण सकाळी पेपर उघडावा आणि पहिल्याच ओळीला कुणीतरी तो हातातून ओढून घ्यावा, तसा तो हिसका. आणि गल्ली रोज तीच असली, म्हणजे पेपरही जवळपास कालचाच.

शार्लट ड्युरांटन आणि अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या दोन संशोधिकांनी २०१९ मध्ये एक छोटासा प्रयोग प्रसिद्ध केला. काही पाळीव कुत्र्यांना दोन आठवडे वासावरून खाऊ शोधण्याचा सराव दिला, काहींना मालकाच्या पायाशी शिस्तीत चालण्याचा. नंतर सर्वांसमोर, खाऊ असेल किंवा नसेलही, अशा जागी भांडे ठेवले. हुंगण्याची मोकळीक मिळालेली कुत्री त्या भांड्याकडे अधिक लगबगीने गेली. ती अधिक आशावादी झाली होती, असा या दोघींचा निष्कर्ष. कुत्री होती अवघी वीस, तेव्हा त्यावर फार मोठा इमला रचू नये. पण ज्याने कुत्र्याला अनोळखी वाटेवर नेले आहे, त्याला हे ऐकून नवल वाटणार नाही.

गंमत म्हणजे आपल्या कायद्याला हे फार पूर्वी सुचले होते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमात, सतत बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे हिंडवून न आणणे हाही गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिला आहे दहा ते पन्नास रुपये! त्या दंडाची पावती कुणी पाहिली असल्यास धन्य. शिक्षा भोगतो तो कुत्राच. दिवसभर बंद फ्लॅटमध्ये राहून तो सोफा कुरतडतो, बेल वाजली की घर डोक्यावर घेतो, शेजारी तक्रार करतात आणि एके दिवशी ‘आमचा फारच व्रात्य निघाला हो’ म्हणत त्याला कुणाच्या तरी फार्महाऊसवर सोडून दिले जाते. अशा कितीतरी ‘व्रात्य’ कुत्र्यांचे दुखणे निव्वळ कंटाळ्याचे असते.

उपाय खर्चिक नाही. फाटकातून उजवीकडे वळत असाल, तर उद्या डावीकडे वळा. एक दिवस मंडईच्या मागची गल्ली, एक दिवस नदीकाठ, रविवारी टेकडी. पट्टा थोडा लांब असावा आणि निदान अर्धी वाट कुठे वळायचे हे त्याला ठरवू द्यावे. घरातल्या मुलांना सोबत न्या. कुत्रा कुठे किती वेळ थांबला हे त्यांच्याइतके बारकाईने कुणी पाहत नाही. मात्र टेकडीवर पट्टा सोडण्याचा मोह टाळावा. पुण्याच्या तळजाईवर किंवा वेताळ टेकडीवर मोर राहतात, ते घर त्यांचे आहे. परक्या गल्लीत तिथली कुत्री हद्दीसाठी धावून येतात, तेव्हा वाट बदलण्यात कमीपणा नाही. रेबीजची लस वेळेवर हवीच. उन्हाळ्यात डांबराला आधी आपला तळहात लावून पाहावा. आपल्याला सोसत नसेल, तर त्याच्या पंजांनाही सोसत नाही. गवतातून आल्यावर कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड तपासावी. आणि खिशात कागद किंवा पिशवी ठेवावी. आपल्या कुत्र्याची घाण दुसऱ्याच्या दारात सोडून येणाऱ्यांनीच निम्म्या सोसायट्यांत सगळ्या कुत्र्यांविरुद्ध मत तयार केले आहे.

राहता राहिला म्हातारा कुत्रा. त्याचे पाय दुखतात म्हणून बहुतेक घरांत त्याचे फिरणे सर्वांत आधी बंद होते. डोळे अधू होतात, कान जातात, पण नाक बहुधा शेवटपर्यंत साथ देते. त्याला चालवत नसेल, तर गाडीत किंवा रिक्षात घालून एखाद्या नव्या झाडाखाली न्यावे आणि नुसते बसू द्यावे. वारा त्याच्याकडे येणारा असला, म्हणजे झाले.